एकोणपन्नासाव्या अक्षांशापाशीं

कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतांत बो नदीच्या कांठीं कॅलगरी नांवाचें मोठें शहर आहे. आमच्या पुतण्याचें बिऱ्हाड तेथें असल्यामुळें गेल्या उन्हाळ्यांत आम्हांस महिनाभर तेथें राहण्याचा योग आला. पश्चिमेस रॉकी पर्वताच्या रांगा दिसतात. हिंवाळ्यांत पादचाऱ्यांस थंडी बाधूं नये म्हणून एका इमारतींतून दुसरींत जाण्यास जमिनीपासून सुमारें 15 फूट उंचीवर बंदिस्त पूल बांधिले आहेत. परंतु आम्हीं लेखणी उचलिली ती वेगळ्याच कारणानें.

कॅनेडियन मनुष्य म्हणजे गरीब व आर्जवी, दुसऱ्यानें पाय तुडविला तरी स्वतःच क्षमा मागणारा. आणि अमेरिकन म्हणजे उंच आवाजाचा, कोणाचेंही बंधन न मानणारा, अशी समजूत त्या खंडांत सर्वत्र आहे. घाटावरच्यांनीं कोंकणस्थांविषयीं आणि कोंकणस्थांनीं घाटावरच्यांविषयीं जें बोलावें, त्यांतलाच हा प्रकार. क्षमायाचनेची संवय खरीच असावी. कारण केवळ ‘क्षमा करा’ म्हटल्यानें दोष कबूल केला असें न्यायालयानें धरूं नये, असा कायदाच ओंटारियो प्रांतानें 2009 सालीं केला! अमेरिकेनें 1776 च्या जाहीरनाम्यांत स्वातंत्र्याचा उद्घोष केला, तर कॅनडाच्या 1867 च्या घटनेंत शांतता, सुव्यवस्था व सुशासन हे शब्द आले. तेव्हां ह्या समजुतीस कागदाचाही आधार आहे.

एके दिवशीं पुतण्यानें आम्हांस मोटारींतून दक्षिणेस सरहद्दीकडे नेलें. रस्ता सुमारें 300 किलोमीटर. दोहों बाजूंस शेतें आणि अफाट आकाश. वाटेंत लेथब्रिज येथें ‘व्हूप-अप’ ह्या विचित्र नांवाच्या गढीची प्रतिकृति पाहिली. 1869 पासून माँटानाचे अमेरिकन व्यापारी येथें बसून मूळ रहिवाशांस दारू विकीत व मोबदल्यांत कातडीं नेत. त्यांस आवरण्यासाठीं कॅनडानें 1873 सालीं घोडेस्वार पोलीस उभे केले, आणि त्यांच्याच 1875 च्या ठाण्यापासून कॅलगरी शहर वाढलें. बेबंद शेजारी व कायदेप्रिय आपण, हें चित्र ह्या गढीपाशीं अगदीं बरोबर उतरतें. परंतु सव्वाशें वर्षांनीं तेंच कॅलगरीनें उलटें केलें.

संगणकावरून पाठविलेलें पत्र, बँकेचा हुकूम किंवा वैद्याचें टिपण वाटेंत कोणीं वाचूं नये म्हणून तें कूटलिपींत बदलावें लागतें. हें काम करणारें सॉफ्टवेअर अमेरिकन कायद्यानें 1996 अखेरपर्यंत दारूगोळ्याच्याच यादींत बसविलें होतें. फिल झिमरमन ह्यांनीं 1991 सालीं ‘पीजीपी’ नांवाचें असें साधन लोकांस फुकट दिलें. तें देशाबाहेर पोंचल्यावर त्यांच्यामागें जी चौकशी लागली, ती 1996 च्या जानेवारींत खटला न भरतांच मिटली. मध्यंतरीं एमआयटीच्या प्रकाशनसंस्थेनें त्याचा सर्व मजकूर पुस्तकरूपानें छापिला. छापलेलें तें पुस्तक, आणि तबकडीवरचें तें शस्त्र! परदेशीं विकावयाच्या सॉफ्टवेअरला सामान्यतः 40 बिटांची किल्ली चाले. पुण्या-मुंबईस येणारे ब्राउझरही बहुधा असेच. ही किल्ली किती दुबळी, हें 1997 च्या जानेवारींत बर्कले येथें शिकणाऱ्या इयन गोल्डबर्ग ह्या कॅनेडियन विद्यार्थ्यानें ती साडेतीन तासांत शोधून दाखविलें.

इकडे कॅलगरींत थिओ डी राड्ट ह्यांनीं 1995 सालीं ‘ओपनबीएसडी’ हें काम आरंभिलें होतें. कूटलेखनाचा भाग अमेरिकेबाहेरच लिहावयाचा, असा त्यांचा कटाक्ष. तेथूनच 1999 सालीं ‘ओपनएसएसएच’ निघालें. दूरच्या संगणकाशीं सुरक्षित बोलण्यासाठीं आज जगभर तेंच वापरितात. स्वातंत्र्याचा घोष करणाऱ्या देशानें कुलूप अडवावें आणि सुव्यवस्थेच्या देशानें तें मोकळें सोडावें, हें ऐकून आम्हांस प्रथम मोठें नवल वाटलें.

पण कॅनडाचें मन अधिक उदार होतें, असें मानण्यास आम्ही तयार नाहीं. निर्यातीविषयींच्या आंतरराष्ट्रीय करारांत, सर्वांस खुलें असलेल्या सॉफ्टवेअरला सूट देणारें एक कलम होतें. कॅनडानें तें कूटलेखनासही लाविलें, अमेरिकेनें लाविलें नाहीं. उलट, मूळ अमेरिकन माल कॅनडामार्गें बाहेर जाऊं नये म्हणून कॅनडाच्या स्वतःच्या यादींत वेगळें बंधन होतेंच. म्हणजे अमेरिकन हातानें लिहिलेली ओळ शेजारधर्म म्हणून अडवावयाची आणि कॅलगरीकराची जाऊं द्यावयाची! आर्जवीपणा म्हणावा तर हा. पण त्याच आर्जवीपणांत केवढी मोकळीक राहिली होती! अमेरिकेनेंही 2000 च्या जानेवारींत आपले निर्बंध पुष्कळ सैल केले.

कूट्स ह्या गांवीं रस्ता सरहद्दीस लागतो. ना नदी, ना डोंगर. 1818 च्या करारानें ठरविलेली एक अक्षांशरेषा, आणि पलीकडे माँटानांतील स्वीट ग्रास टेकड्या. अमेरिकन अधिकाऱ्यानें आमचे पासपोर्ट व व्हिसा पाहिले आणि बरोबर फळें आहेत काय, तेवढें विचारिलें. पुतण्याचा लॅपटॉप मागच्या बैठकीवर उघडाच पडला होता.