शपथेनंतरचा सोबती

दारू सुटावी म्हणून देवापुढे गाऱ्हाणे घालून शपथ घेवविण्याची चाल आमच्याकडे जुनी आहे. तिला आम्ही नावे ठेवीत नाही. पण तिसऱ्या दिवशी त्या माणसाजवळ बसतो कोण?

अमेरिकेतील अॅक्रन शहरी १९३५ च्या जूनमध्ये असाच एक गृहस्थ इस्पितळात खाटेला जखडलेला होता. (धंद्याने आमचाच जातभाई, वकील!) सकाळी शपथ घ्यावी आणि नवाच्या आत झिंगावे, हा त्याचा क्रम. त्याला भेटावयास दोघे आले, एक शेअरदलाल व एक शल्यवैद्य. दोघेही पूर्वीचे मद्यपी. वैद्यबुवांनी तर दारू सोडून जेमतेम पंधरवडाच लोटलेला. त्यांनी उपदेश केला नाही, स्वतःच्या फजितीच हकीकती सांगितल्या. तो वकील पुढे १९५४ साली वारला. तोवर त्याने पेल्याला हात लावला नाही.

आज तिकडच्या कित्येक इस्पितळांत असे सोबती पगारावर नेमलेले असतात. कंप, झटके यांवर औषध डॉक्टरांचेच हवे. जुन्या मद्यप्याने दारू एकाएकी तोडणे प्राणांवरही बेतते. सोबत्याचे खरे काम रुग्ण घरी परतल्यावर असते. पुण्यास १९८६ साली निघालेल्या ‘मुक्तांगण’मध्येही व्यसनातून उठलेली माणसेच इतरांना हात देतात.

गाऱ्हाण्याच्या वेळी असा एखादा मनुष्य शेजारी उभा करण्याच्या आड येणारे कलम कोणत्याही देवस्थानाच्या नियमावलीत आम्हांस तरी आढळलेले नाही.