कोर्टाची पायरी चढलेली आई

परभणी

चि. वैशाली हिस,


एचआयव्हीवरचे औषधोपचार देणाऱ्या एआरटी केंद्रात समुपदेशक म्हणून रुजू झालीस, हे तुझ्या आईनं सांगितलं आणि ऊर भरून आला. सवड काढून 'माय ब्रदर निखिल' बघ. ओनीर यांचा २००५ चा हिंदी चित्रपट. निखिल गोव्यातला नावाजलेला जलतरणपटू. एचआयव्ही असल्याचं कळताच त्याच्यासाठी तलाव बंद होतो, पोलीस उचलून नेतात, आईवडील पाठ फिरवतात. उरतात दोघंच: बहीण अनामिका आणि निखिलवर जीव असलेला नायजेल. लग्नाच्या नात्यातही क्वचित दिसेल अशी माया त्या पोरानं केली आहे.

यामागे खराखुरा तरुण आहे, डॉमिनिक डिसोझा. तो नेमानं रक्तदान करायचा. त्याच रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळला, त्याला मात्र कुणी काही सांगितलं नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी बोलावलं आणि क्षयरोग्यांच्या एका जुन्या इस्पितळात ६४ दिवस एकट्याला कोंडलं. बाधितांना सक्तीनं वेगळं ठेवण्याची तरतूद तेव्हा गोव्याच्या कायद्यातच होती.

चित्रपटातली आई मुलाला टाकते. खरी आई, लूसी डिसोझा, मात्र कोर्टाची पायरी चढली. मला चित्रपटापेक्षा हीच गोष्ट मोठी वाटते. ज्या काळात डॉक्टरही हात लावायला कचरत, त्या काळात ही बाई मुलासाठी सरकारविरुद्ध उभी राहिली. मुलगा सुटला, कायदा मात्र न्यायालयानं उचलून धरला. डॉमिनिकची नोकरी सुटली. तरी त्यानं १९९२ मध्ये 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला. त्याला दीर्घकाळ तगवेल असं औषध तेव्हा जगातच नव्हतं.

आज गोळ्या फुकट मिळतात. नेमानं घेतल्या आणि विषाणू रक्तात सापडेनासा झाला, की शरीरसंबंधातून तो जोडीदारालाही जात नाही. हे प्रत्येक जोडप्याला सांग, पुन्हा पुन्हा सांग. पण वैशाली, आपल्याकडे नवरा 'तसल्या आजारानं' गेला की सून पांढऱ्या पायाची ठरते. आजार कुणी आणला हे ठाऊक असूनही ताट-तांब्या तिचाच वेगळा होतो, आणि मग एक दिवस माहेरची वाट दाखवली जाते. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा, जो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क देतो. संमतीवाचून तपासणी करायला आणि नाव फोडायलाही त्यात मनाई आहे. किती सासरच्यांना हे माहीत असेल?

म्हणून एकच मागणं. बाईची हरकत नसेल तर तिच्यासोबत आलेल्या सासूला, भावाला बाहेर बाकड्यावर ताटकळत ठेवू नकोस. आत बोलाव, शेजारी बसव, त्यांची भीती ऐकून घे आणि घराचा हा कायदा त्यांनाही समजावून सांग.

तुझी,
मावशी