न दिलेला पास

कोबी ब्रायंट २६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियातील कॅलाबासास येथे हेलिकॉप्टर अपघातात गेला. त्याची तेरा वर्षांची मुलगी जियाना आणि आणखी सात जण त्याच्यासोबत गेले. तेव्हापासून त्याच्याविषयी जे लिहिले गेले त्यातले बरेचसे आम्ही वाचले, आणि वाचताना एक अस्वस्थता सतत जाणवत राहिली. या गौरवलेखनातून त्याच्या कारकिर्दीची शेवटची तीन वर्षे जवळजवळ पुसली गेली आहेत. त्या तीन वर्षांत आम्ही त्याच्यावर मनापासून चिडलेलो होतो. माणूस गेल्यावर त्याच्याविषयीची तक्रार मागे घेण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि ती सभ्य रीत आहे. पण मागे घेतली म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. ती एकदा नोंदवावी, आणि नोंदवता नोंदवता तपासूनही पाहावी, एवढ्यासाठी हे लिहीत आहोत.

आमचे त्याच्यावरचे प्रेम जुने. जानेवारी २००६ मध्ये त्याने टोरांटोविरुद्ध एका सामन्यात ८१ गुण केले, ती बातमी वाचून आम्ही त्याचे सामने शोधू लागलो. त्याआधी एका सामन्यात याहून अधिक गुण केवळ विल्ट चेम्बरलेनने केले होते, १९६२ साली, १००. लॉस एंजेलिसमधला रात्रीचा सामना पुण्यात सकाळी आठ-नऊच्या सुमारास दिसतो; म्हणजे ऐन महाविद्यालयात निघण्याच्या घाईत. घरात त्याच्या नावावरून होणारे भाजीचे विनोद आम्ही वर्षानुवर्षे सोसले. काय होते त्याच्या खेळात? दोन बचावपटू अंगावर आलेले, सहकारी मोकळा उभा, आणि हा गडी हवेत मागे झुकून, तोल जाता जाता, चेंडू रिंगकडे सोडतो. सोपी वाट समोर असताना अवघड वाट निवडण्याचा तो हट्ट होता. कवितेच्या वाचकाला असा हट्ट लगेच ओळखू येतो.

१२ एप्रिल २०१३ रोजी गोल्डन स्टेटविरुद्ध खेळताना त्याच्या डाव्या पायाचा टाचेमागचा स्नायुबंध तुटला. तशा पायावर उभे राहून त्याने दोन फ्री थ्रो मारले, दोन्ही आत गेले, आणि तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला. कथा तिथे संपती तर महाकाव्य झाले असते. परंतु त्याच नोव्हेंबरात, तो मैदानावर परतण्यापूर्वीच, लेकर्सने त्याच्याशी दोन वर्षांचा ४ कोटी ८५ लाख डॉलरचा करार केला. डिसेंबरात तो परतला, सहा सामने खेळला आणि गुडघ्याचे हाड मोडून बसला. पुढच्या हंगामात खांदा गेला. त्याच हंगामात, नोव्हेंबर २०१४ मध्ये, हुकलेल्या शॉटचा जॉन हॅव्हलिचेकच्या नावावरचा जुना विक्रमही त्याने मोडला.

मग २०१५-१६. २४ नोव्हेंबरला गोल्डन स्टेटविरुद्ध १४ शॉट, त्यांतला एक आत. पाचच दिवसांनी त्याने एक कविता प्रसिद्ध करून निवृत्तीची घोषणा केली आणि त्या रात्री २० पैकी ४ शॉट साधले. हंगामाअखेर त्याचे प्रमाण ३५.८ टक्के होते, आणि संघ ८२ पैकी ६५ सामने हरला होता. लेकर्सच्या इतिहासातला तो सर्वांत वाईट हंगाम. प्रत्येक गावी त्याचे निरोपसमारंभ होत होते, ऑल-स्टार सामन्यासाठी प्रेक्षकांची सर्वाधिक मते त्यालाच मिळाली, आणि आम्ही सकाळचा चहा गार करीत टीव्हीला विनवीत होतो की बाबा रे, पास दे.

आमची तक्रार त्याच्या म्हातारपणाविषयी नव्हती. सदतिसाव्या वर्षी गुडघे साथ देत नाहीत, त्यात अपराध कसला? तक्रार होती ती जागा अडवण्याची. डीअँजेलो रसेल नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा त्या वर्षी संघात आला होता. नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याचा क्रमांक दुसरा. सामना रंगात येई तेव्हा तो अनेकदा बाकावर बसलेला दिसे. चेंडू जाई तो कोबीच्या हाती, आणि तिथून परत येत नसे. त्याच हंगामात सॅन अँटोनिओचा टिम डंकन, कोबीहून दोन वर्षांनी मोठा, सामन्यामागे सरासरी नऊसुद्धा गुण न करता, बऱ्याच कमी पगारावर, ६७ सामने जिंकणाऱ्या संघात आपल्यापुरते काम करीत होता. कोणत्याही समारंभाशिवाय तो जुलैमध्ये निवृत्त झाला. म्हातारे व्हावे तर असे, असे आम्ही म्हणत असू. मात्र डंकनचा सामना पाहण्यासाठी आम्ही एकदाही चहा गार केला नव्हता, हेही कबूल केले पाहिजे.

साहित्याच्या अभ्यासकाला अशा वेळी एक आधार हाताशी असतो. एडवर्ड सैद यांच्या निधनानंतर २००६ साली आलेल्या 'ऑन लेट स्टाइल' या पुस्तकात, अडोर्नोच्या बेथोव्हनवरील विवेचनाचा धागा धरून, असे मांडले आहे की कलावंताची अखेरची निर्मिती परिपक्व आणि समाधानीच असते असे नाही. ती हट्टी, विस्कटलेली, तडजोड नाकारणारीही असू शकते. कोबीच्या हुकलेल्या शॉटना हे सूत्र लावून पाहण्याचा मोह आम्हांलाही झाला. ते लागू पडले नाही. बेथोव्हनची रचना कितीही विस्कटलेली असली तरी तिच्यामुळे कुणा तरुण वादकाला बाकावर बसावे लागत नाही.

पण दुसरी एक गोष्ट त्यातून लक्षात आली, आणि ती सोयीची नव्हती. २००६ मधला शॉट आणि २०१५ मधला शॉट यांत निर्णयाच्या दृष्टीने काहीच फरक नव्हता. तेच दोन बचावपटू, तोच मोकळा सहकारी, तेच मागे झुकणे. चेंडू आत जात होता तोवर आम्ही त्याला धैर्य म्हटले. जाईनासा झाला तेव्हा स्वार्थ. वर्गात विद्यार्थ्यांना आम्ही सांगतो की कलाकृतीचे मूल्य तिच्या यशावरून ठरवू नका. आणि शोकांतिका शिकवताना हेही सांगतो की नायकाला बुडवणारी गोष्ट बहुधा त्याला मोठे करणारीच असते. मैदानावर मात्र आम्ही गुणफलक पाहून समीक्षा करीत आलो होतो.

याच सुमारास आमच्या विभागात एक प्रसंग घडला. आधुनिक कवितेची अभ्यासपत्रिका आम्ही अठरा वर्षे शिकवीत होतो. एका तरुण सहकारी बाईंनी ती पुढील वर्षी आपल्याकडे मिळावी अशी नम्रपणे विनंती केली. आम्ही अनुभवाचे महत्त्व, विद्यार्थ्यांचे हित वगैरे बरेच बोललो आणि नकार दिला. आमची टिपणे तेव्हा कडांना पिवळी पडलेली होती. सकाळी कोबीला स्वार्थी म्हणून आलेलो होतो. दुपारी हे बोललो. दोन्हींचा संबंध त्या दिवशी मनात आला नाही, ही त्यातली खरी लाजिरवाणी गोष्ट.

त्याचा शेवटचा सामना अमेरिकेत १३ एप्रिल २०१६ च्या रात्री होता. आपल्याकडे १४ एप्रिलची सकाळ. डॉ. आंबेडकरांची एकशे पंचविसावी जयंती, सुट्टीचा दिवस, बाहेर ढोल-ताशांचा आवाज. समोर यूटा जॅझ. त्याचे पहिले पाचही शॉट हुकले आणि आम्ही टीव्ही बंद करणार होतो. तो रात्रभर मारतच राहिला. एकूण ५० शॉट, २२ आत, ६० गुण; त्यांतले २३ शेवटच्या क्वार्टरमध्ये. हरत चाललेला संघ १०१-९६ असा जिंकला. आम्ही उभे राहून टाळ्या वाजवीत होतो. घरच्यांनी विचारले, कालपर्यंत याला नावे ठेवत होतात ना? उत्तर सुचले नाही. ५० शॉट हे आमच्या तक्रारीचे खंडन मुळीच नव्हते. तो आमच्या तक्रारीचाच पुरावा होता. तरीही टाळ्या थांबेनात.

आज वाटते, दोन्ही खरे मानावे. तक्रार खरी होती, आणि टाळ्याही. ज्याच्यावर आपण कधी चिडलोच नाही त्याला आपण नीट पाहिलेही नसते. गौरवलेखांतला निर्दोष कोबी आम्हांला परका वाटतो तो यामुळेच.

त्या सामन्याची शेवटची काही सेकंदे फारशी आठवली जात नाहीत. कोबीच्या हाती चेंडू होता, आणि त्याने तो लांबवर, पुढे धावणाऱ्या जॉर्डन क्लार्कसनकडे फेकला. क्लार्कसनने बास्केट केली. वीस वर्षांच्या कारकिर्दीतली त्याची अखेरची कृती म्हणजे एक पास होता. अर्थात, आधीचे ५० शॉट मारून झाल्यावर.

आम्ही ती अभ्यासपत्रिका २०१८ साली सोडली. बाई ती वेगळी शिकवतात, चांगली शिकवतात असे विद्यार्थी सांगतात. त्यांच्या तासाला जाऊन बसण्याचे धैर्य अजून झालेले नाही.