पाटीचे गाव

स्वित्झर्लंडच्या ग्लारुस प्रांतात, झेर्न्फ्ट नदीच्या खोऱ्यात, सुमारे १००० मीटर उंचीवर एल्म हे लहानसे खेडे वसले आहे. समोरच्या कड्याला आरपार भोक आहे. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, त्यातून आलेला सूर्यप्रकाश चर्चच्या मनोऱ्यावर पडतो. प्रवासवर्णनाला एवढे पुरते. मला मात्र या गावाची ओढ आहे ती पाटीमुळे.

आमच्या पिढीने अक्षरे दगडी पाटीवर गिरवली. ती कोणत्या डोंगरातून येते, हा प्रश्न आम्हांला पडला नाही. एल्मला १८६८ पासून पाटीचा दगड निघू लागला. १८७४ च्या स्विस संविधानाने प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळांना पाट्या हव्या होत्या, आणि गुरांवर जगणाऱ्या गावाला रोख पैसा. डोंगर खालून पोखरला गेला, वर तडे रुंदावत गेले. ११ सप्टेंबर १८८१ रोजी, रविवारी, कडा कोसळला. ११५ माणसे गेली. आल्बर्ट हाइम या भूवैज्ञानिकाच्या अभ्यासामुळे ही घटना दरडींच्या शास्त्रात कायमची नोंदली गेली. साक्षरतेच्या इतिहासात ती माझ्या वाचनात आलेली नाही.

ज्याचा क्षय होत नाही ते अक्षर, ही व्युत्पत्ती आपण अभिमानाने सांगतो. परंतु अक्षर ज्यावर उमटते ते क्षर असते. ते खणून काढणारी माणसेही. २०११ मध्ये एल्मची स्वतंत्र ग्रामसत्ताही मोठ्या पालिकेत विलीन झाली. साक्षरतेचा हिशेब मांडताना ते ११५ जण त्यात धरले पाहिजेत.