काजूगराचे अंक

पेडणे-डिचोलीकडे येणारा पाहुणा परतताना काजू नेणार, हे ठरलेलेच. दुकानात तो विचारतो, "यांतला एक नंबर कोणता?" दुकानदार सर्वांत टपोऱ्या गराकडे बोट दाखवितो आणि पाहुण्याचा खिसा हलका होतो. अशा खरेदीत आम्हांस अनेकदा सोबत नेण्यात येते, म्हणून हे चार शब्द.

पाकिटावरील 'डब्ल्यू' हे अक्षर पांढऱ्या, अखंड गराची खूण होय. पुढचा अंक म्हणजे एका पौंडात, अर्थात ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर असावेत ती मर्यादा. म्हणून अंक लहान तितका गर मोठा. १०० ग्रॅम गर घरी मोजून पाहावेत. १८० च्या प्रतीचे ४०, २४० चे ५३ आणि ३२० चे ७० यांहून फारसे अधिक भरू नयेत.

मात्र हा अंक आकार सांगतो, चव नव्हे. ताजा ३२० शिळ्या १८० पेक्षा केव्हाही सरस. गर दाताखाली खुटकन मोडावा, त्याला खवट वास नसावा. पाकळी आणि तुकडा हेही त्याच बीचे. टणक कवच फोडताना त्यातील दाहक तेलापासून हात सांभाळावे लागतात. मग साल अशा हलक्या बोटांनी सोडवावी लागते की गर दुभंगू नये. अखंड गराला जो चढा भाव आपण देतो, त्यात कारखान्यातील स्त्रियांच्या या कौशल्याचे मोल असते.

तेव्हा उपयोग पाहून निवड करावी. पाहुण्यांपुढे ठेवावयास २४०, रोजच्या खाण्यास ३२०, शिऱ्यात व मणगण्यात पाकळी, कतलीला आणि वाटणाला तुकडा. जे वाटायचेच आहे, ते अखंड विकत घेण्यात शहाणपण नाही.

आणखी एक गोष्ट हा अंक सांगत नाही: बी कोणत्या मातीतली ती. आफ्रिकेतून आलेल्या बियांचे गरही याच अंकांनी प्रतवारले जातात. २०२३ साली गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे महत्त्व इथे आहे. परक्या बीचा गर गोव्याच्या नावाने खपला, तर डोंगरउतारावर भर उन्हात बोंडू वेचणाऱ्या आमच्या शेतकऱ्याच्या बीला भाव कोण देणार? म्हणून आधी बी कुठली ते विचारावे. अंक मागाहून पाहता येतो.