तार एक, नंबर तीन

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबांचा आवाज खोलीबाहेर जाईना. मी पोटासाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारा. म्हटले, उशाशी बटण ठेवू. दाबले की माझ्या खोलीत घंटा वाजेल. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक आणला. त्याला ४० पिना. बटणाची तार अकराव्या पिनेला जोडली.

पण ही अकरावी पिन चिपच्या हिशेबात जीपीआयओ १७. आणि बटण दाबल्याची वर्दी, म्हणजे इंटरप्ट, लिनक्सच्या गाभ्याला, कर्नलला, पोचते ती तिसऱ्याच क्रमांकाने. तार एक, नंबर तीन! हा तिसरा क्रमांक कर्नल स्वतः वाटतो. म्हणून ड्रायव्हरने दर वेळी विचारून घ्यायचे असते, या पिनेचा इंटरप्ट कोणता? मी चाचणीत मिळालेला आकडाच कायमचा लिहून टाकला. घंटा खणखणीत वाजली. आठ दिवस वाजली.

नवव्या दिवशी मी नवा कर्नल बसवला. रात्री बाबांनी पाण्यासाठी बटण दाबले. पुन्हा दाबले. मी शेजारच्या खोलीत गाढ झोपेत. क्रमांक बदलले होते. जुन्या क्रमांकावर नोंद करायला कर्नलने नकार दिला होता आणि त्याचे ते उत्तर मी तपासलेच नव्हते. सकाळी पाहतो तो बाबांचे ओठ सुकलेले, अंगठा बटणावर तसाच.

मान खाली घालून त्यांना सारे सांगितले. बाबांनी तीस वर्षे बेळगावच्या गल्ल्यांतून सायकलवरून टपाल वाटलेले. घरांना जुना नंबर, नवा नंबर. पत्ता कधी मराठीत, कधी कानडीत. २०१४ साली तर गावाचेच सरकारी नाव बेळगावी झाले. एकेक शब्द जुळवत ते म्हणाले, "नंबर बदलतातच रे. मी पाठ करत नव्हतो, विचारून घेत होतो. आणि पाकीट परत आलं, तर त्यावरचा शेरा वाचायचा असतो."

त्याच दिवशी ड्रायव्हर दुरुस्त केला. आता तो पिनेचा क्रमांक विचारून घेतो, आणि नकार आला तर माझ्या टेबलावर लाल दिवा लागतो.

रात्री दोन वाजता घंटा वाजली. पाण्याचा तांब्या घेऊन धावलो. बाबा जागेच होते.

"पाणी नको," ते म्हणाले. "पोचतंय काय, बघितलो."