कुणी राखले म्हणून आपण पाहिले

वाचन : योहान ४:३५-३८, स्तोत्र १२७



इटलीहून परत आल्यापासून पांढुर्ण्यात काय नि सौंसरला काय, आम्हा दोघांना एकच प्रश्न विचारला जातो : "काय काय पाहिले?" उपासनेनंतर फोटो दाखवून झाले, महिला मंडळात सांगून झाले. तरी फोटोत न मावणारी एक गोष्ट राहूनच गेली. ती या वेळी लिहीत आहोत.

सहल दहा दिवसांची होती. नागपूरहून निघालेला गट, बहुतेक मंडळी हिंदू, ख्रिस्ती असे आम्हीच दोघे. रोम, असिसी, फ्लॉरेन्स आणि शेवटी व्हेनिस. ही काही तीर्थयात्रा नव्हती. मुलाने पैसे पाठवले, गुडघे अजून चालताहेत तोवर जग पाहून घ्या म्हणाला, म्हणून गेलो. पण चर्च आले की गटातले सगळे आमच्याकडे वळायचे, "तुम्ही सांगा, तुमचं आहे." आम्हालाही सगळे कुठे ठाऊक होते! रात्री हॉटेलात बसून वाचायचे आणि सकाळी सांगायचे, असे आमचे चालले होते.

रोममध्ये पहिल्या दिवशी कोलोसियम पाहिले. इसवी सन ८० मध्ये सुरू झालेले हे अवाढव्य रंगण आज अर्धे पडलेले दिसते. भूकंपांनी काही भाग पडला हे खरे, पण पुष्कळसे माणसांनी नेले. वापर थांबल्यावर शेकडो वर्षे लोक त्याचे दगड काढून आपापल्या इमारतींना लावत राहिले. अठराव्या शतकात पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी ती जागा ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या स्मरणार्थ समर्पित केली, तेव्हा कुठे ही पळवापळव थांबली.

त्याच दिवशी दुपारी पँथिऑन पाहिले. सम्राट हेड्रियनच्या काळातले हे मंदिर जवळजवळ कोलोसियमइतकेच जुने. ४३ मीटर रुंदीचा घुमट, मधोमध आकाशाला उघडे असलेले गोल भोक. पाऊस आला तर थेट आत पडतो आणि फरशीतल्या छिद्रांतून वाहून जातो. ही इमारत मात्र अजून धडधाकट उभी आहे. का? तर इ. स. ६०९ मध्ये तिचे चर्च झाले आणि तेव्हापासून तिथे प्रार्थना होत आली. ज्या जागेत माणसे प्रार्थनेला येतात, तिचे दगड कुणी उचलून नेत नाही. गळले तर दुरुस्त करतात, धूळ बसली तर झाडतात. रोममध्ये एकाच दिवशी या दोन इमारती पाहिल्या आणि हा विचार मनात घर करून बसला.

मोकळ्या वेळात गट खरेदीला गेला. आम्ही क्विरिनाल टेकडीवरच्या संत आंद्रियाच्या चर्चला गेलो. आजचे सुंदर चर्च बर्निनीने नंतर बांधले. पण त्या जागी जेजुइट उमेदवारांचे जे प्रशिक्षणगृह होते, तिथे १५७५ मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज तरुण दाखल झाला होता. १५७९ मध्ये तो गोव्यात उतरला आणि चाळीस वर्षे तिथेच राहिला. आपली भाषा तो इतकी शिकला की त्याने दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. १६१६ मध्ये ते छापले गेले. आपल्या प्रभूची कथा मराठी ओवीत आली ती या परक्या माणसाच्या कष्टाने. त्या चर्चमध्ये त्या दुपारी फक्त आम्हीच होतो. दोघांनी हळू आवाजात मराठीत प्रभूची प्रार्थना म्हटली. तिथून ॲव्हेंटाइन टेकडीवरच्या बागेत गेलो. तिथली संत्र्याची झाडे पाहून घरची आठवण आली. पण ती संत्री कडू, आपल्या सौंसर-पांढुर्ण्याची गोडी त्यांना नाही!

असिसीला गावाखाली मैदानात एक प्रचंड चर्च आहे आणि त्याच्या पोटात एक इवलीशी खोली आहे, आपल्याकडच्या साध्या घराच्या ओसरीएवढी. तिचे नाव पोर्त्सिउंकोला. संत फ्रान्सिसने स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेली ती प्रार्थनाखोली. पुढच्या पिढ्यांनी ती पाडून मोठे चर्च उभारले नाही. तिला तशीच ठेवून तिच्याभोवती मोठे उभारले. वर डोंगरावर फ्रान्सिसच्या कबरीचे चर्च आहे. २६ सप्टेंबर १९९७ रोजी भूकंपात तिथले छत कोसळले आणि चार जण दगावले. छतावरच्या शेकडो वर्षांच्या चित्रांचा चुरा झाला. मग त्या ढिगाऱ्यातून रंगाचा एकेक तुकडा वेचला गेला. तो वेचायला स्वयंसेवकही आले होते. नखाएवढे तुकडे निवडायचे, रंगाप्रमाणे लावायचे आणि पुन्हा जोडायचे. १९९९ च्या नोव्हेंबरात चर्च पुन्हा उघडले. मान वर करून पाहिले तर काही ठिकाणी रंगाच्या जागी नुसता गिलावा दिसतो. जे सापडले नाही ते नाही, पण सापडले तेवढे जपले.

आता फ्लॉरेन्स. खरी गोष्ट तिथलीच आहे.

उफित्सी संग्रहालयात एका दालनात बाळ येशूला मांडीवर घेतलेल्या मरीयेची तीन मोठी चित्रे आहेत. त्यातले जोत्तोचे चित्र सुमारे ७०० वर्षांपूर्वीचे. या मरीयेचा चेहरा एखाद्या खऱ्या आईसारखा आहे. तिच्या मांडीवर बाळाचे वजन जाणवते. आम्ही पाहत उभे होतो. गटातले फौजेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ शेजारी येऊन म्हणाले, "हे चित्र आपल्या मराठा पलटणीने राखलंय, माहीत आहे का?"

आम्हाला माहीत नव्हते. त्यांनी सांगितले ते असे. दुसऱ्या महायुद्धात फ्लॉरेन्सची मौल्यवान चित्रे शहराबाहेरच्या वाड्यांत हलवली होती. त्यातला एक वाडा मोंतेगुफोनीचा. १९४४ च्या जुलैअखेर लढाई त्या वाड्यापाशी आली आणि मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण तिथे उतरली. आत पाहतात तर भिंतींना टेकवून ठेवलेली दोनशेहून अधिक चित्रे! जोत्तोची ही मरीया त्यात होती, बोत्तिचेल्लीचे जगप्रसिद्ध 'वसंत' होते. चेझारे फासोला नावाचे उफित्सीचे ग्रंथपाल लढाईच्या धामधुमीत चित्रांच्या काळजीने तिथे जाऊन राहिले होते. पलटणीच्या अधिकाऱ्यांनी चित्रांवर पहारा बसवला. आपल्या गावाकडची, शेतकऱ्यांची पोरे, बहुतेकांच्या घरी देव्हाऱ्यात खंडोबा नाहीतर विठोबा. तोफांचे आवाज कानावर येत असताना ती पोरे परक्या देशातल्या, परक्या धर्मातल्या एका आई-लेकराच्या चित्रापाशी बंदूक घेऊन उभी राहिली. काही दिवसांनी ३ ऑगस्टच्या रात्री माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने फ्लॉरेन्सचे पूल उडवले. जुना पूल तेवढा वाचला.

त्याच महिन्यात, १० जुलै १९४४ रोजी, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात याच रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीतले नाईक यशवंत घाडगे पडले. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे, वय २२. तुकडीतले बाकीचे सगळे मेले वा घायाळ झाले, तरी ते एकटे मशिनगनवर धावून गेले आणि ती त्यांनी बंद पाडली. मग लपलेल्या बंदुकधाऱ्यांच्या गोळ्या लागल्या. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही. कासिनोच्या स्मारकावर नाव आहे. २०२३ मध्ये मोंतोने गावच्या लोकांनी त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्यावरच्या वचनाचा आशय आहे.

संध्याकाळी त्या गृहस्थांसोबत आर्नो नदीकाठच्या कॅशिने बागेत गेलो. बागेच्या टोकाला नक्षीदार छत्रीखाली एका मराठी तरुणाचा पुतळा आहे. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांना मरण आले, ऐन विशीत. शहराने परवानगी दिली आणि नदीच्या संगमावर हिंदू रीतीने दहन झाले. जवळच्या पुलाचे नावही 'इंडियानो'चा पूल. त्या शहराने आपल्या एका पोराची आठवण राखली. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांनी आपल्या पोरांनी त्या शहराची चित्रे राखली. कुणी कुणाची परतफेड केली नाही. दोघांनाही दुसऱ्याचे काही ठाऊक असेल असे वाटत नाही.

व्हेनिसबद्दल फार लिहीत नाही. सुंदर आहे, महाग आहे, आणि आमचे मन फ्लॉरेन्सलाच राहिले होते.

आता हे सगळे इथे का सांगायचे? आमच्या पॅरिशमधल्यांना ठाऊक आहे. सौंसरच्या छोट्या मंडळीत रविवारी वीस-बावीस जण येतात. पत्रे गळतात. पाळकसाहेब एक रविवार सोडून येतात. आपला भाग १९५६ नंतर मध्य प्रदेशात राहिला. घरात मराठी, शाळेत हिंदी. मुलांना हिंदी गीते सोपी वाटतात. त्यामुळे सभेत प्रश्न आला, की सौंसरची मराठी उपासना बंद करून सगळ्यांनी पांढुर्ण्याच्या हिंदी उपासनेला यावे काय? प्रश्न विचारणारे वाईट नाहीत. हिशेब त्यांच्याकडे असतो आणि दुरुस्तीला पैसे कुठून आणायचे हे त्यांनाच पाहायचे असते. हिंदीतही तोच प्रभू ऐकतो, यात शंका नाही.

सौंसरच्या चर्चची किल्ली एका मावशींकडे असते. दर शनिवारी त्या झाडू मारतात, पाणी भरून ठेवतात. फोनवर त्यांना पँथिऑनचा फोटो दाखवला. सगळे घुमटाबद्दल विचारतात, मावशींनी विचारले, "एवढं मोठं झाडते कोण?" आम्हाला हसू आले, आणि लगेच वाटले की इतक्या लोकांत योग्य प्रश्न त्यांनीच विचारला. आम्ही म्हटले, "मावशी, तुमच्यासारखंच कोणी झाडत असंल." त्या म्हणाल्या, "कोणी येवो न येवो, दार तर उघडं पाहिजे ना."

योहानाच्या चौथ्या अध्यायात, शोमरोनी बाईच्या विहिरीपाशी, प्रभू शिष्यांना शेते दाखवतो आणि सांगतो, की ज्या पिकाची कापणी तुम्ही करता त्यासाठी घाम गाळणारे वेगळेच होते. आम्ही इटलीत दहा दिवस हेच करत होतो. तिकीट काढून दुसऱ्यांचे कष्ट पाहत होतो. तिथे पहाऱ्यावर उभे राहणाऱ्या शिपायाला आपल्या पाठीमागे काय आहे याची किंमत ठाऊक नसेल. ते पाहायला पुढे कोण येईल हेही ठाऊक नसेल. पांढुर्ण्याचे दोन म्हातारे ऐंशी वर्षांनी त्या चित्रासमोर डोळे पुसतील, असे त्याला कोण सांगणार होते? आणि १२७ वे स्तोत्र आपल्याला सावध करते, की पहारेकरी कितीही जागला तरी राखणारा शेवटी परमेश्वर असतो. म्हणून राखण्याचा गर्व नको. पण पहारा सोडून झोपायचीही त्यात परवानगी नाही.

राखणे म्हणजे कुलूप लावून ठेवणे नव्हे, हे पँथिऑनने शिकवले. प्रार्थना थांबली की दगड जाऊ लागतात. म्हणून आम्ही सभेत एवढेच म्हटले : इस्टरपर्यंत मुदत द्या. तोवर महिन्यातून दोन रविवार सौंसरला मराठी उपासना आम्ही स्वयंसेवक मिळून चालवू. मुलांकडून मराठी शास्त्रपाठ वाचून घेऊ. अक्षरे तर दोन्ही भाषांची एकच आहेत! गेल्या रविवारी दोन मुलांनी वाचला. 'ळ' आला की दोघेही अडखळले, मागच्या बाकावरून आज्या मदतीला धावल्या, आणि पाठ पुरा झाला. त्या दिवशी एकतीस जण होते. इस्टरनंतर सभा काय ठरवील हे प्रभूच्या हाती आहे. पत्र्याचा खर्च अजून जमलेला नाही.

वाचकहो, तुमच्याही मंडळीत कुणीतरी किल्ली सांभाळत असेल, जुनी गीतपुस्तके शिवत असेल, आजाऱ्याच्या घरी प्रभुभोजनासाठी पाळकांना घेऊन जात असेल. येत्या रविवारी त्यांना शोधा. नुसते आभार मानू नका. पुढच्या शनिवारी झाडूला हात लावायला जा.

प्रार्थना : हे प्रभू, ज्यांनी आमच्यासाठी राखले आणि ज्यांची नावे आम्हाला ठाऊक नाहीत, त्यांच्याबद्दल तुझे आभार. रणात पडलेल्या परक्या मुलुखातल्या लेकरांना तू विसरला नाहीस. आमच्या लहान मंडळ्यांची दारे उघडी ठेव. जे आमच्या हाती दिले आहेस ते पुढच्यांच्या हाती नीट पोहोचेल एवढे बळ आम्हाला दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.